तीनशे की सहाशे?

निवृत्त शिक्षकाने काय करावे याविषयी आमच्या गल्लीची काही ठाम मते आहेत. त्याने सकाळी टेकडीवर फिरून यावे, येताना दूध आणावे, शब्दकोडे सोडवावे आणि संध्याकाळी नातवंडांना पाढे म्हणायला लावून त्यांच्या मनात गणिताविषयी कायमची नावड उत्पन्न करावी. मी हे सारे इमानाने करीत होतो. पण टेकडीवर जात होतो, तिथेच घात झाला. एके दिवशी बाभळीच्या शेंड्यावर एक वेडा राघू बसलेला दिसला. तो उडाला, हवेतल्या हवेत त्याने एक माशी टिपली, गिरकी घेतली आणि पुन्हा त्याच काडीवर येऊन बसला. छत्तीस वर्षे मी फळ्यावर खडूने वर्तुळे काढली. पण निघाल्या बिंदूला इतक्या बिनचूक परत येणारे वर्तुळ मला एकदाही साधले नव्हते. मी तिथे पाऊण तास उभा राहिलो. त्या दिवशी दूध आले नाही.

पुढचे सगळे त्या पाऊण तासाचे फळ आहे. मुलाने आपला जुना कॅमेरा मला देऊन टाकला. त्यासोबत एक लेन्स होती, सत्तर ते तीनशे मिलिमीटरची. चितमपल्लींच्या 'पक्षीकोशा'तून मी नावे पाठ केली. पहिल्या महिन्यात सातशे फोटो काढले आणि त्यांतले उत्तम ते निवडून, छापून, सौ.च्या हाती ठेवले. तिने चष्मा लावला, फोटो खिडकीशी नेला, उलटा करून पाहिला आणि विचारले, "बाभूळ छान आलीय. पण पक्षी कुठाय?"

मी बोटाने दाखवला.

"हा होय! मला वाटलं, गव्हाचा दाणा चिकटलाय."

शिक्षकाला अपमानाची सवय असते, पण त्याचे गणित मांडल्याशिवाय तो गिळता येत नाही. मी पाकिटाच्या पाठीवर दोन समरूप त्रिकोण काढले. राघू शेपटीसकट वीस सेंटिमीटरचा. तो होता पन्नास मीटरवर. तीनशेची लेन्स त्याची कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यावर सव्वा मिलिमीटरला किंचित कमी एवढी प्रतिमा पाडणार. माझ्या कॅमेऱ्याचा पडदा साडेतेवीस मिलिमीटर रुंद. म्हणजे पोस्टकार्डाएवढ्या छापील फोटोत राघूच्या वाट्याला साडेसात मिलिमीटर आले. गव्हाचा दाणा तेवढाच असतो. सौ.ची नजर गुडघ्यांपेक्षा पुष्कळच चांगली आहे!

याच त्रिकोणांतून दुसरे उत्तरही निघत होते. लेन्स सहाशेची घेतली, की गव्हाच्या दाण्याचा चिंचोका होतो. लांबी दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. झाले! त्या दिवसापासून मला रात्री सहाशे मिलिमीटरची स्वप्ने पडू लागली.

आता आपल्याकडे वधूवर ठरविताना जितके सल्लागार जमतात, तितकेच लेन्स ठरवितानाही जमतात, हा अनुभव ज्याने घेतला नाही त्याला खरे वाटणार नाही. अमेरिकेत असलेल्या भाच्याने एकच उपदेश केला: "मामा, घ्यायची तर सहाशे एफ चार घ्या, बाकी सगळं पोरखेळ." या लेन्सचे तोंड आमच्या घरातल्या वरणाच्या पातेल्याएवढे असते. त्यामुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही तिला पुरेसा प्रकाश मिळतो. वजन तीन किलोच्या घरात आणि किंमत दहा लाखांच्या वर. मी भाच्याला आशीर्वाद दिला आणि फोन ठेवला. आमचे एक डॉक्टर स्नेही पक्ष्यांचे जुने नादिष्ट आहेत. ते म्हणाले, उडते पक्षी टिपायचे असतील तर चारशेची सडसडीत लेन्स बरी. सव्वा किलोची असते, हातात धरून वाटेल तशी फिरवता येते. सहाशेचे धूड घेऊन घारीमागे मान फिरवायची म्हणजे फिरवणाऱ्याचीच मान कामातून जाते. एका दुकानातल्या तरुणाने अर्ध्या तळहाताएवढी एक चकती दाखवली. ही लेन्सच्या मागे बसवा, की तीनशेचे सहाशे! किंमतही बेताची. मी हरखलो. पण घरी येऊन पुन्हा पाकीट घेतले तेव्हा कळले, की ती चकती लांबी दुप्पट करते आणि प्रकाश चौथाईवर आणते. माझी लेन्स आधीच अंधारी. तिच्यामागे ही चकती बसवली, तर कॅमेऱ्याला पक्षी नीट दिसणारच नाही, मग तो नजर कशावर स्थिर करणार? नातू म्हणाला, "आजोबा, कशाला विकत घेताय? फोटो मोठा करा आणि कडेचा कापून टाका." हे सर्वांत स्वस्त, पण तीनशेच्या फोटोतून सहाशेचा तुकडा कापायचा, म्हणजे चोवीसपैकी अठरा भाग केराच्या टोपलीत टाकून सहा भागांवर चित्र उभे करायचे. पिसांच्या जागी चौकटी दिसू लागतात.

अशी सहा महिने चर्चा चालली. या काळात लेन्सविषयी मी जेवढे वाचले, तेवढे बी.एड.च्या परीक्षेसाठी वाचले असते तर पहिला वर्ग मिळाला असता. आणि इतके वाचूनही मी प्रश्न चुकीचा मांडला होता, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मी विचारीत होतो: पक्षी केवढा दिसेल?

सौ.चे माहेर सुप्याकडचे. पुण्याहून मोरगावच्या वाटेने गेले, की बारामती तालुक्याचे ते माळरान लागते. चिंकारांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य तिथलेच. 2022 च्या एप्रिलात आम्ही मेहुण्यांकडे गेलो होतो. मेहुणे सकाळी शेतावरून आले आणि म्हणाले, "भावजी, तुमच्या कामाचं एक सापडलंय. पडीक तुकड्यात टिटवी बसलीय."

टिटवीचे घरटे पाहण्यासारखे असते, कारण ते नसतेच. जमिनीवर एक उथळ खळगा, त्याच्याभोवती चार खडे, आणि मध्ये चार अंडी, तीही खड्यांच्याच रंगाची. मेहुण्यांनी बोट दाखवले तरी मला ती दोन मिनिटे दिसली नाहीत. शेततळ्यापासून शेदीडशे पावलांवर हा संसार मांडलेला. टिटवी केव्हाच उठून आरडाओरडा करीत डोक्यावर घिरट्या घालू लागली होती. टिटवीचे ओरडणे अशुभ, असे लोक म्हणतात. कोणाला अशुभ, हे कोणी सांगत नाही.

मला अंड्यांवर बसलेल्या टिटवीचा फोटो हवा होता. माझी लेन्स तीनशेची. म्हणजे चित्र भरायचे तर दहा मीटरच्या आत जायला हवे. लांबी दुप्पट करणे आणि अंतर निम्मे करणे यांत गणिताच्या दृष्टीने काही फरक नाही. लांबीला पैसे पडतात, अंतर फुकट असते. मी बारा पावलांवर पालथा पडलो, डोक्यावर रुमाल टाकला आणि वाट पाहू लागलो. वेळ सकाळी साडेअकराची.

टिटवी थोड्या वेळाने शांत झाली. तळ्याच्या बाजूला गेली, परत आली, आणि माझ्यापासून चाळीसएक पावलांवर उतरली. मग तुरुतुरु चार पावले पुढे आली आणि थांबली. एक पाऊल मागे. पुन्हा चार पुढे. मी श्वास रोखून. ती मान ताठ करून उभी राही, आणि मी हललो नाही तरी परत फिरे. जमीन इतकी तापली होती, की माझ्या कोपरांना सदऱ्यातून चटका बसत होता. मी बोट बटणावर ठेवून तसाच पडून राहिलो. अशी वीस-पंचवीस मिनिटे गेली. शेवटी ती अंड्यांपासून दोन हातांवर येऊन उभी राहिली; मी सहा-सात फोटो ओढले; त्या आवाजाने ती उडाली आणि मीही उठलो. फोटो पाहिला तो स्वच्छ! डोळ्याभोवतीचे लाल कातडे, चोचीचे काळे टोक, सगळे. घरी परत येताना मी मेहुण्यांना लेन्स आणि अंतर यांचे गणित समजावून सांगितले. ते हूं हूं करीत होते.

पुढच्या रविवारी मेहुण्यांचा फोन आला तेव्हा मी टिटवीची चौकशी केली. म्हणाले, खळगा रिकामा आहे.

"पिल्लं निघाली?"

"निघाली असतील. नाहीतर मुंगसानं नेली असतील. काय सांगावं?"

टिटवीची पिल्ले अंड्यातून बाहेर पडताच काही तासांत चालू लागतात, घरट्यात राहत नाहीत. त्यामुळे रिकामा खळगा काहीच सांगत नाही. मी सौ.ला म्हटले, "पिल्ले निघाली बरं का." ती म्हणाली, "हो का?" आणि भाजी चिरू लागली.

त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत सौ.ने फर्मान काढले, की फोटो संगणकात कुजवू नका, निवडक छापून अल्बम करा, म्हणजे आल्यागेल्याला दाखवता येईल. साठ फोटो छापून आणले. ती करंज्यांचे सारण करून दमली होती. पाय लांब करून बसली आणि एकेक पान उलटू लागली. खंड्या, कापशी घार, ढोकरी, शेकाट्या, नीलपंख. मी शेजारी बसून वाट पाहत होतो. गव्हाचे दाणे मी आता वगळले होते. अगदी जवळून घेतलेले तेवढेच ठेवले होते. ती काही बोलेना. शेवटी म्हणाली,

"अहो, हे सगळे तुमच्याकडेच का बघतायत?"

"म्हणजे?"

"म्हणजे बघा ना. हा बघतोय, ही बघतेय. या ढोकरीनं तर मान केवढी ताणलीय. आमच्या लहानपणी बँकेचा वसुली साहेब आला, की बाबा असेच उभे राहायचे."

मी अल्बम ओढून घेतला. साठांपैकी अठ्ठावन्न पक्षी माझ्याकडे बघत होते. मासा पकडणारा खंड्या एकही नव्हता. माझ्या येण्याने मासा सोडून वर पाहणारा खंड्या होता. पिसे साफ करणारी, झोपलेली, पिल्लाला भरवणारी, भांडणारी, कोणीच नव्हती. दोघे तेवढे आपल्या कामात होते, ते म्हशीच्या पाठीवरचे बगळे. ते म्हशीकडे बघत होते.

पुढचे पान टिटवीचे होते. तीही माझ्याकडेच बघत होती. सौ.ने तो फोटो इतरांपेक्षा जास्त वेळ पाहिला. "हिची ती अंडी," एवढेच म्हणाली, आणि अल्बम मिटून करंज्यांकडे गेली.

मला त्या रात्री झोप लागली नाही. पक्षी केवढा दिसेल हा माझा प्रश्न होता. पण खरा प्रश्न, पक्ष्याला मी कितपत दिसतो, हा होता. तीनशेने दहा मीटरवरून आणि सहाशेने वीस मीटरवरून काढलेल्या फोटोत पक्षी सारखाच मोठा येतो, हे माझे गणित चुकीचे नव्हते. त्या गणितात पक्षी मात्र धरलेला नव्हता. दहा मीटरवर टिटवी अंडी सोडून उठते. त्याच टिटवीला वीस-तीस मीटरवर निवांत पडलेला माणूस कदाचित चालेल. अंतर फुकट असते असे मी म्हणत होतो. फुकट ते मला होते.

जुन्या लोकांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला होता. इंग्लंडातल्या यॉर्कशायरचे कीर्टन बंधू यांनी 1892 मध्ये घरट्याचा आणि अंड्यांचा फोटो काढला, तेव्हा असल्या लांब लेन्सा कुठल्या असायला! टेलिफोटोची कल्पनाच मुळी 1891 च्या सुमाराला निघालेली. त्यांना जवळ जाणे भाग होते. म्हणून त्यांनी बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून एक पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटात शिरून ते कॅमेरा लावून उभे राहत. मला हे वाचून आपल्या लोकांचे नवल वाटले. आपल्याकडे खरे बैल इतके, बेंदराला आणि पोळ्याला त्यांची शिंगे रंगवायची इतकी हौस. पण त्यात शिरून बसावे असे एकाही मराठी माणसाला सुचले नाही! मी हा विचार मेहुण्यांना बोलून दाखवला. ते म्हणाले, "भावजी, बैलाच्या किमतीत लेन्स येईल की." दुसरे एरिक हॉस्किंग. हे रात्री पिंगळ्यासारख्या पण बऱ्याच मोठ्या घुबडाच्या घरट्याजवळ गेले असता घुबडाने झडप घातली आणि त्यांचा एक डोळा गेला. हे 1937 साल. पुढे ते अनेक वर्षे एका डोळ्यावर पक्ष्यांचे फोटो काढीत राहिले. त्या घुबडाविषयी त्यांनी राग धरला नाही म्हणतात. आणि धरायचे कारणही नव्हते. घर घुबडाचे होते.

विकत घेण्यापूर्वी भाड्याने आणून पाहावी, हा डॉक्टरांचा सल्ला मात्र मी जन्मभर विसरणार नाही. 2023 च्या जानेवारीत अनामत ठेवून दीडशे ते सहाशेची एक लेन्स दोन दिवसांसाठी घेतली आणि भिगवण गाठले. भीमेवर उजनीचे धरण 1980 मध्ये झाले, तेव्हा त्याच्या फुगवट्याखाली गावे आणि शेते गेली. आता हिवाळ्यात त्या पाण्यावर हजारो पाखरे उतरतात. कुंभारगावाहून होडी घेतली. होडीवाला पंचविशीतला पोरगा, मासेमारी करणाऱ्या घरातला. माझ्या हातातले धूड पाहून तो म्हणाला, "सर, मोठी आणलीय की! पण हिच्यानं काय होत नाय. बोट कुठं थांबवायची, त्यानं होतंय."

मी शिक्षकी हसलो. तासाभरात ते हसू गेले.

लेन्सचे वजन दुकानात दोन किलो होते, होडीत ते पाच झाले. सहाशेवर लावली की तिच्यातून दिसते किती? हात लांब करून दोन करंगळ्या शेजारी धरा, त्यांच्याआड जेवढे आकाश झाकते तेवढे. एवढ्या झरोक्यातून उडता सुरय शोधायचा म्हणजे किल्लीच्या भोकातून वरात पाहण्यासारखे आहे. सुरय सापडेपर्यंत तो परजिल्ह्यात जातो. मग मी युक्ती शिकलो, की आधी दीडशेवर पक्षी गाठावा आणि मग लांबी वाढवीत न्यावी. हाताचा जरासा कंप लेन्सच्या टोकाला भूकंप होतो. एक हजारांश सेकंदाच्या आत फोटो ओढला तरच काही हाती लागते. आणि तेवढ्या क्षणात पुरेसा प्रकाश यायला सूर्य बऱ्यापैकी वर यावा लागतो. सूर्य वर आला, की पाण्यावरची हवा तापते आणि उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखे सगळे थरथरू लागते. दूरचे रोहित पक्षी साडेनवानंतर मला गुलाबी ज्वाळांसारखे दिसत होते. लेन्स पक्ष्याला जवळ आणते, पण मधली हवा गाळून टाकत नाही. तिपाई नेली होती, ती निकामी ठरली. कारण तिपाई स्थिर होती, पण होडी डुलत होती.

या साऱ्यावर इलाज त्या पोराजवळ होता. पट्टकदंबांचा एक थवा काठाच्या चिखलात चरत होता. हिमालय ओलांडून आलेले हे पाहुणे. पोराने इंजिन केव्हाच बंद केले होते. आता बांबूने तो होडी रेटू लागला, आणि तीही सरळ नव्हे, तिरकी, जणू आम्हाला पलीकडेच कुठे जायचे आहे. एका कदंबाने मान वर केली. पोरगा थांबला. आम्ही दोघे पुतळ्यासारखे. कदंबाने मान खाली घातली, तेव्हा त्याने पुन्हा बांबू टेकला.

"मान वर, की आपण थांबायचं. मान खाली, की चालायचं. दोघा-तिघांनी मान वर केली, की बास. तिथनं म्होरं जायचं नाय. उडवून फोटू भारी येतोय म्हणत्यात लोक, पण लांबनं आल्यात ती, दमून. उगा उडवायचं कशाला?"

त्या मर्यादेवरून तीनशेने मला काय मिळाले असते हे मी तिथेच पाहून घेतले. थवा मिळाला असता, कदंब मिळाला नसता. सहाशेने एक कदंब मिळाला. चिखलात चोच खुपसून, डोळा अर्धा मिटून आपल्या जेवणात गुंग. मी आहे की नाही, याचे त्याला सोयरसुतक नव्हते. त्या एका फोटोने निकाल लागला. सहाशे.

उरला पैशाचा प्रश्न. तो मी इथवर टाळला, कारण घरातही टाळीत होतो. आमची एक ठेव होती, भरतपूरची. म्हणजे तिच्यावर तसे लिहिलेले नव्हते. पण मी निवृत्त झालो त्या वर्षी आम्ही दोघांनी ठरवले होते, की एकदा राजस्थानात जाऊन भरतपूरचे पक्षी पाहायचे. सायकलरिक्षात बसून दिवसभर. त्यासाठी थोडेथोडे बाजूला टाकले. 2019 मध्ये सौ.च्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला, पाठोपाठ डावा त्यात सामील झाला, आणि भरतपूरचे नाव निघेनासे झाले. ठेव मात्र आपोआप नवी होत राहिली. मी दुसऱ्याकडून वापरलेली लेन्स पाहून ठेवली होती. तिला ती ठेव जवळजवळ पुरत होती. पण विषय कसा काढणार? ती ठेव मोडणे म्हणजे तिच्या गुडघ्यांविषयी काही तरी कबूल करण्यासारखे होते.

विषय तिनेच काढला, तांदूळ निवडता निवडता. "त्या लेन्सचं काय झालं?"

"बघू."

"बघू काय? भरतपूरची ठेव आहे ना?"

"ती भरतपूरची आहे."

ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मी काही आता तिथं येत नाही. तुम्ही एकटे जाल, तर मला आवडायचं नाही. त्यापेक्षा भरतपूर इकडे आणा. आणि अंगावर नका जाऊ त्यांच्या."

लेन्स आली. तिच्यासाठी सौ.ने नातवाच्या जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवली आणि तिच्यात वाटाणे भरले. जमिनीवर ती पिशवी, तिच्यावर लेन्स, अशी बैठक कुठल्याही तिपाईपेक्षा भक्कम होते, हे मी अनुभवाने सांगतो. फक्त पाऊस लागू देऊ नये. वाटाण्यांना मोड येतात.

2023 च्या एप्रिलात पुन्हा सुप्याला गेलो. शेततळ्याच्या अलीकडे टिटवी बसलीच होती; गेल्या वर्षीचीच की दुसरी, हे टिटवीला माहीत. या खेपेला मी पोराचा नियम पाळला. तिने मान वर केली की थांबलो. तिचा सूर बदलला तिथून सात पावले मागे आलो आणि बांधाच्या बाभळीखाली, सावलीत, वाटाण्यांवर लेन्स ठेवून पडलो. अंतर पंचेचाळीस पावले. दहा मिनिटांत ती माझा विचार सोडून देऊन अंड्यांवर गेली. मी अडीच तास होतो. उन्हे चढली तशी तळ्यावरून दुसरी आली, पहिली उठून गेली. नवी आलेली अंड्यांवर बसण्याआधी पाय फाकून, पिसे फुलवून क्षणभर उभी राहिली. मी ओढले तेवढे फोटो ओढले. हवा थरथरत होती, त्यामुळे बरेच वाया गेले. चार-पाच बरे आले.

ते सौ.ला मोठ्या पडद्यावर दाखवले. ती पुढे वाकून पाहत होती.

"ही ओली का आहे?"

"कुठे?"

"पोट बघा ना. पिसं चिकटलीयत. थेंब आहे हा."

खरेच थेंब होता. मी पुस्तके काढली. टिटव्या कडक उन्हात पाण्यात पोट भिजवून येतात आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार करतात. नर-मादी दोघे आळीपाळीने. तेवढ्यासाठी तळे गाठायचे आणि ओल सुकायच्या आत परतायचे. टिटवीदेखील समुद्र आटविते, ही म्हण मी वर्गात शेकडो वेळा सांगितली असेन. समुद्राने अंडी नेली म्हणून ती हट्टाला पेटली, अशी ती गोष्ट. पोटाला लावून घोट घोट पाणी वाहून आणणारी टिटवी मात्र मला ठाऊक नव्हती.

सौ. झोपल्यावर मी मागच्या वर्षीचे फोटो उघडले. साडेअकरा ते बाराचे. तळ्यावर जाऊन ती परत आली होती, चाळीस पावलांवर उतरली होती, चार पावले पुढे, एक मागे करीत उभी राहिली होती. ते दूरचे फोटो मी त्या वेळी निरुपयोगी म्हणून ठेवून दिले होते. आता एकेक मोठा करून पाहिला. तीनशेच्या त्या फोटोंत तिचे पोट थोड्याच चौकटींचे आहे. ते ओले आहे की कोरडे, ते काही केल्या कळत नाही.

सौ.ला मी हे सांगितले नाही. पण अल्बमातला तो फोटो, ज्यात ती माझ्याकडे बघत उभी आहे, तो तसाच आहे. त्याच्यासमोरच्या पानावर तिने नवा लावला आहे, थेंबवाला. आल्यागेल्याला दोन्ही दाखवते. काही बोलत नाही.

लेन्सचे एक औषधपाणी सांगायचे राहिले. पावसाळ्यात आतल्या काचांवर बुरशी धरते, आणि ती धरली की गेली लेन्स. म्हणून हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ती ठेवावी लागते. असे खास डबे मिळतात, पण लेन्सनंतर डब्याचे पैसे मागायचा मला धीर झाला नाही. तेव्हा सौ.ने आपला फरसाणाचा मोठा, घट्ट झाकणाचा डबा दिला, चार महिन्यांच्या बोलीवर. दर दिवाळीला ती बोली संपते. आताच आतून हाक आली आहे, "अहो, डबा रिकामा करून द्या, चकल्या गार झाल्या." मी लेन्स हातात घेऊन मघापासून उभा आहे आणि घरात कोरडी जागा शोधतो आहे.